आकडा सांग

आमच्या घरात मायेचा हात लागायचा तो फक्त बैलांना. माणसांसाठी दुसरा हात होता.

बाबा शंकरपटाचे धुरकरी होते, म्हणजे बैलांच्या शर्यतीत जोडी पळवणारे. देवरीकडं पट भरो नाहीतर साकोलीकडं, आमची जोडी गेल्याशिवाय राहायची नाही. छकड्यावर उकिडवं बसून बाबा हातातल्या तुतारीनं बैलांना असं काही हाणायचे की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. पट वर्षातून चार-पाच वेळा. बाकीचे दिवस ती तुतारी दाराच्या मागं उभी असायची आणि आमच्यासाठी असायची. भाजीत मीठ जास्त झालं, हाण. गुरांचा कोटा झाडायला उशीर झाला, हाण. माझ्या डाव्या पोटरीवर खिळ्याची खूण अजून आहे, पँट वर केली की दिसते.

पण हाच माणूस पटाहून आल्यावर बैलाच्या मागं बसायचा, शेपटी उचलून तिच्या बुडाशी दोन बोटं ठेवायचा आणि मनगटावरच्या घड्याळात बघत ओठांतल्या ओठांत मोजायचा. बैलाची नाडी तिथं लागते. मोजून झालं की थोडा वेळ थांबून परत मोजायचा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, दोनदा कायले मोजता? तेव्हा मूड बरा होता म्हणून उत्तर मिळालं.

"चढते किती हे कोनीबी पाहाते," बाबा म्हणाले. "उतराले किती वेळ लागते ते पाहा लागते. ज्याची लवकर उतरली तो बैल बनला."

उतरायला वेळ लागला तर त्या बैलाला आठ-आठ दिवस जुवाखाली घालायचे नाहीत. गूळ, सरकी, कोमट पाण्यानं अंग पुसणं, सगळं साग्रसंगीत. माय म्हणायची, देवा, पुढच्या जन्मी याच्या घरी बैल कर रे बाबा.

मी एकोणीस वर्षांचा असताना ती तुतारी बाबांच्या हातातून हिसकावली. माय खाली पडली होती, तिच्या कानातून रक्त येत होतं, आणि आठ वर्षांची बहीण तिच्या अंगावर आडवी पडून किंचाळत होती. मी तुतारी दोन्ही हातांनी धरली आणि बाबांच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, तो आवाज मला गोड लागला. त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. त्यांना काही सांगायचं असलं की मायला सांगायचे, "सांग त्याले." मी दोन पावलांवर उभा असलो तरी.

या माणसासारखं व्हायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं होतं. सगळेच ठरवतात.

पुढं पट बंद पडले. बैल विकले गेले, छकडा कोट्यात उभा राहून त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. मी कोहमाऱ्याच्या चौकात पंपाच्या मोटारी बांधायच्या दुकानात कामाला लागलो होतो. दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री दंडार, म्हणजे गावातल्या पोरांचा नाचगाण्याचा खेळ, आणि नाटक. पट नाही तर मंडईत रंग काय, म्हणून पोट्ट्यांनी त्या वर्षी सायकलची शर्यत ठेवली. गावापासून हायवेच्या चौकापर्यंत जायचं आणि परत. बहीण तेव्हा सतरा वर्षांची होती. माझी जुनी सायकल घेतली, ओढणी कमरेला बांधली आणि मला न विचारता उभी राहिली.

परतीच्या वाटेवर ती दुसरी होती. पहिल्या पोट्ट्याला मागं टाकायला गेली तर त्यानं लाथ मारून तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पाडलं. ती उठली, कोपराचं सालटं लोंबत होतं, सायकलचा पंप काढून हातात घेतला, पुन्हा सायकलवर बसली, त्याला गाठलं आणि चालत्या सायकलवरून त्याच्या पाठीत पंप घातला. तो भातात, ही पुढं. पहिला नंबर! लोक पोट धरून हसत होते. खाण तशी माती, मी मनात म्हटलं, आणि छाती अशी फुगली की सांगता सोय नाही.

तिच्या कॉलेजच्या खेळाच्या सरांनी मला गाठून सांगितलं की पोरीत दम आहे. राज्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघींत आली तर खेळाडूंच्या जागेवर पोलीस भरतीत बसता येतं. स्पर्धा चैत्रात. घरी हे कळलं तेव्हा बाबा अंगणात वाखाची दोरी वळत होते. त्यांनी मान वर न करता मायला सांगितलं, "सांग त्याले. तिघींत आली त नवकरी. नाई आली त याच उन्हाड्यात मांडव. देवरीचं स्थळ वाट पाहून राहिलं."

देवरीच्या त्या स्थळाची पहिली बायको जळून मेली होती. स्टोव्हचा भडका, असं लोक सांगायचे. बहिणीनं ते ऐकलं आणि आत जाऊन सायकलची चेन पुसत बसली. मी त्या दिवशी नागपूरहून जुनी गिअरची सायकल आणायचं नक्की केलं.

आता पट्ट्याचं सांगतो. नागपूरच्या हौशी सायकलवाल्यांची एक टोळी नागझिऱ्याच्या जंगलाकडं जाताना आमच्या चौकात चहाला थांबायची. एकदा त्यांच्या मागच्या गाडीची बॅटरी बसली, ती मी सुरू करून दिली. त्यांच्यात एक डॉक्टर होते. मी बहिणीचं सांगितल्यावर त्यांनी पिशवीतून छातीला बांधायचा एक काळा पट्टा आणि मनगटाचं घड्याळ काढलं. पट्टा हृदयाचे ठोके पकडतो, घड्याळ मिनिटाला किती ते दाखवतं. त्यांनी नवं घेतलं होतं, हे जुनं मला देऊन टाकलं. देव माणूस. मग टपरीच्या बाकावर बसून त्यांनी मला सगळं समजावलं. दोनशेवीसातून वय वजा करायचं, तो वरचा आकडा. पोरीचा आला दोनशेतीन. त्याच्या पंच्याऐंशी टक्के, एकशे बहात्तर. जोराच्या दिवशी तिथवर न्यायचं. पण एक जोराचा दिवस झाला की दोन दिवस हळू. आठवड्यात एक दिवस सायकलला हातच लावायचा नाही. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच नाडी मोजायची, जास्त आली तर त्या दिवशी सुट्टी.

मी तांब्याच्या तारेच्या खोक्यावर लिहून घेत होतो. घरी येऊन बघितलं तर खोक्यावर एकच आकडा होता, एकशे बहात्तर, खाली दोन रेघा मारलेला. हळू, सुट्टी, अंथरूण, यातलं काही मी लिहिलंच नव्हतं. कानांनी ऐकलं होतं, पण हाताला ते लिहावंसं वाटलं नाही. सुट्टी घेऊन कोणी पट जिंकतं का?

धानाच्या गिरणीच्या कॅलेंडरमागं मी वेळापत्रक आखलं. फटफटायच्या आत निघायचं. ती सायकलवर, मी मागं मोटारसायकलवर. कोहमाऱ्याहून देवरीच्या दिशेनं, चढ असेल तिथं जोर. घड्याळ तिच्या मनगटावर, कारण पट्ट्यापासून हातभर लांब गेलं की ते आंधळं होतं. म्हणून आकडा तिनं ओरडून सांगायचा. मी गाडी जवळ न्यायचो आणि बोंबलायचो, "आकडा सांग!" ती मान न वळवता ओरडायची, "एकशे एकुनसत्तर!" बाजूनं रायपूरचे ट्रक धडधडत जायचे, धूळ तोंडात, आणि आमचं हे चाललेलं. ढाब्यावाले आम्हाला ओळखायला लागले. आकडावाले आले, म्हणायचे.

हातात बांबूची छडी पहिल्या आठवड्यातच आली. आधी मी ती नुसती मडगार्डवर आपटायचो. मग एकदा आकडा एकशे साठाच्या खाली आला आणि छडी तिच्या पोटरीवर बसली. ती कळवळली, पण पुढच्या आकड्याला एकशे बहात्तर म्हणाली. झालं. मला किल्ली सापडली! छडी मारली की आकडा चढतो, इतकं सोपं गणित. रोज त्याच वाटेनं गेलो. जोराचा दिवस, जोराचा दिवस, जोराचा दिवस. तिच्या पोटऱ्यांवर वळ उठायचे म्हणून ती कॉलेजला जाताना पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढायची. माय विचारायची, "काऊन वो, एवढ्या गरमीत?" ती म्हणायची, डास चावतात.

माझं प्रेम नव्हतं असं समजू नका. देवरीच्या त्या घरातून धूर निघताना मला स्वप्नात दिसायचा. तिला तिथं जाऊ द्यायचं नाही, या एका गोष्टीसाठी मी मारत होतो. मारणारा प्रत्येक जण हेच सांगतो, हे मला आज कळतं.

फाल्गुन लागला, मोह गळायला लागला आणि आकडा उतरायला लागला.

तोच चढ, तोच वेग. आधी जिथं एकशे बहात्तर यायचे तिथं आता एकशे बासष्ट. मग अठ्ठावन्न. मी घड्याळ उघडून सेल बदलला, पट्टा ओला करून बांधायला लावला. तरी तेच. माझं डोकं फिरलं. स्पर्धा महिन्यावर आली आणि पोरगी अंग चोरून राहिली! एका सकाळी चढावर मी ओरडलो, "आकडा सांग!" ती म्हणाली, "एकशे छप्पन." मी छडी घातली. "आकडा!" "सत्तावन्न." पुन्हा घातली. तिसऱ्यांदा छडी मोडली, तेव्हा मी गाडी सायकलच्या पुढं आडवी घातली, तिची वेणी धरून तिला रस्त्याच्या कडेला ओढलं आणि कानाखाली जाळ काढला.

"कोनासाठी करून राहिलो मी हे? का त्या भडव्याच्या घरी जळाले जायचं हाय तुले?"

"दादा, माले जोर लागूनच नाई राहिला," ती रडत म्हणाली. "मी तेवढीच धावून राहिली. आकडाच नाई येत, मी का करू?"

मोहाच्या झाडाखाली दोन बाया टोपल्यात फुलं वेचत होत्या. त्यातली म्हातारी कंबर सरळ करून माझ्यावर ओरडली, "अरे मुडद्या! पोरीले कायले मारतेस? तुया हात सडला!" मी तिलाही शिव्या घातल्या. बहीण उठली, सायकलचं हँडल सरळ केलं आणि पुन्हा चढाला लागली. तिच्या केसांत मोहाची फुलं अडकली होती, ती तिनं काढली नाहीत.

त्याच दिवशी घरी आल्यावर ती ओट्यावर बसून पाणी पीत होती. बाबा जवळ आले, खाली बसले आणि तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. घड्याळात बघत मोजलं. थांबले. परत मोजलं. मी सायकल टेकवत होतो. बाबा मायकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "सांग त्याले. हिची नाडी खाली आली म्हंजे हे बनली. तेवढ्याच चढाले आता हिले कमी लागते. आता हिले मारू नोको म्हना. आठ दिवस मोकरी सोड म्हना."

मोकरी म्हणजे मोकळी. बैलाला सोडतात तशी.

काय सांगू, ते शब्द बरोबर होते. डॉक्टर हेच सांगत होते. पण ज्या तोंडातून आले त्या तोंडाचा मला इतका राग होता की मी खदखदायला लागलो. "मारू नोको" हे कोण सांगतंय? नऊ वर्षांनी मी पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोललो. "तुमी बैल पाहा जी. आमाले मारताना कोनाची नाडी मोजली होती?"

बाबांनी हातातला पितळी गडवा फेकला. तो माझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, आणि मी त्यांच्या बंडीची कॉलर धरून त्यांना ओट्यावरून खाली ओढलं. ते म्हातारे झाले होते, पण हात अजून लोखंडाचे. आम्ही दोघं अंगणात लोळलो, कोंबड्या चारी दिशांना उडाल्या, माय बोंबलत शेजाऱ्यांना हाका मारत होती. बहीण मधे घुसली. माझं कोपर मागं गेलं आणि तिच्या तोंडावर बसलं. ती मागं सरकली आणि हातावर काहीतरी थुंकली. समोरच्या दाताचा अर्धा तुकडा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला पहाटे उठवलं. ती उठली. नवी छडी मी आदल्या संध्याकाळीच तोडून ठेवली होती.

स्पर्धा पुण्याकडं होती. गोंदियाहून रेल्वेनं गेलो, सायकल सामानाच्या डब्यात. एकेकटीनं सायकल पळवायची शर्यत होती, वीस किलोमीटर. दर मिनिटाला एक पोरगी सोडतात, घड्याळाविरुद्ध पळायचं. प्रवासात आणि तिथं मिळून चार दिवस सायकल बंद होती, म्हणजे माझ्या नशिबानं तिला सुट्टी मिळाली. सकाळी तिचा चेहरा ताजा होता. मी बजावलं, पंधराव्या किलोमीटरपर्यंत एकशे बहात्तर, वर नाही, खाली नाही, मग जीव खाऊन पळ. घड्याळात वरची हद्द लावून दिली, ती ओलांडली की ते पीं-पीं करतं.

मी शेवटच्या रेघेपाशी उभा होतो. दहा किलोमीटरवरचा वेळ माइकवरून सांगितला तेव्हा ती पहिली होती. पहिली! मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मनात म्हटलं, देवरीवाल्या, तू शोध आता दुसरी.

मग ती दिसली. लांबूनच कळलं की काहीतरी बिनसलं. सायकल डावी-उजवी झोकांड्या खात होती, मान खाली गेली होती. रेघ ओलांडून ती सायकलसकट डांबरावर पडली आणि ओकली. आठ सेकंदांनी तिसरा नंबर हुकला, चौथी. तिसरी आलेली पोरगी बापाच्या गळ्यात पडून रडत होती, आमची डांबरावर.

"का झालं?" मी तिला हलवलं. "का केलंस तू हे?"

 ती पडल्या-पडल्याच म्हणाली, "बाराव्या किलोमीटरले पंचाची मोटारसायकल मागून आली. मागंच चालत होती. घड्याळ बोंबलाले लागलं, मी त पायबी वाढवले नव्हते अजून. मंग मी जीव घेऊन सुटली. गाडी मागून गेलीच नाई, दादा. माले वाटलं, आता छडी पडते, आता पडते." ती पंचाची गाडी होती, नियमाप्रमाणे मागं चालणारी. त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त कागद होता.

 गोंदियापर्यंतच्या परतीच्या प्रवासातही राग होता हो अजून, तिच्यावरच. इतकं जवळ आलेलं घालवलं म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं माझं.

घरी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना कोणीतरी लाथ मारून मला खाटेवरून खाली पाडलं. बहीण उभी होती. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात माझी छडी.

"घाल," ती म्हणाली.

"का घाल?"

तिनं छडी माझ्या तोंडावर मारली. "घाल म्हनते ना!"

मी पट्टा बांधला. का बांधला ते विचारू नका. दारात बाबा उभे होते, माय उभी होती, दोघं बाजूला सरली. मी तिच्या सायकलवर बसलो, ती माझ्या मोटारसायकलवर. त्याच वाटेनं, त्याच चढाला.

"एकशे बहात्तर," ती मागून ओरडली. माझ्या वयाला तो आकडा फार होता, पण ते सांगायची सोय नव्हती. "आकडा सांग!"

"एकशे चाळीस."

छडी पाठीवर आली. पहिल्या फटक्याला मला राग आला. दुसऱ्याला पण. पाचव्या-सहाव्यानंतर राग कुठं गेला कोण जाणे, फक्त पाठ उरली. मी पाय मारत होतो, छाती फाटत होती, घाम डोळ्यांत. "आकडा!" "अठ्ठावन्न!" सट्ट. मग ती जरा मागं राहिली. मी दमून पाय ढिले केले, घड्याळात बघितलं, एकशे सेहेचाळीस. आणि मागून गाडीचा आवाज जवळ यायला लागला. मी पाय वाढवले नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत आकडा चढला. पन्नास. चौपन्न. एकसष्ट. छडी अजून पडलीच नव्हती.

मी सायकल थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसलो. सगळे महिने मी आकडा विचारायचो तो गाडी जवळ नेऊन. मी लांब असताना तिचा आकडा काय असायचा ते मला कधी माहीतच नव्हतं. कॅलेंडरच्या मागं रोज लिहिलेले ते सगळे आकडे, ज्यांना मी तिचा जोर समजत होतो, त्यात तिचा जोर किती आणि मी किती? घड्याळ बरोबर होतं, पट्टा बरोबर होता. मी मात्र तिला वाटणारं माझंच भय मोजत आलो होतो.

ती गाडीवरून उतरली. मला वाटलं, आता परत मारेल. मारायला पाहिजे होतं. तिनं छडी गुडघ्यावर मोडली, नालीत टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "यापुढं माया मागं येऊ नोको." सायकल घेतली आणि गेली. मोटारसायकल मी ढकलत घरी आणली.

मांडव पडला नाही. बाबांनी तिच्याकडून शर्यतीचं सगळं ऐकून घेतलं. मायकरवी मला निरोप नाही दिला, तिलाच म्हणाले, "तुतारीच्या भेवानं धावणारा बैल रेघ नाई पाहात. बैलाचा दोष नोहे." आणि देवरीला नकार कळवला. खेळाडूची जागा गेली होती, म्हणून ती सरळ भरतीच्या धावण्याची तयारी करायला लागली. पट्टा नाही, घड्याळ नाही. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आत बाबा तिच्या उशाशी जाऊन बसायचे, मनगटावर दोन बोटं ठेवायचे आणि म्हणायचे, आज धाव, किंवा, आज निज. मी कोट्याच्या दारातून बघायचो. आम्हाला जन्मात एकदा न मिळालेला तो हात तिला मिळाला, आणि मला त्याचा हेवा वाटला, हेही लिहून टाकतो. बाबांनी मायची माफी कधी मागितली नाही, माझी तर नाहीच. पण त्यानंतर त्यांनी घरात कोणावर हात टाकला नाही. दुसऱ्या वर्षी ती पोलिसात लागली.

बाबा गेले त्यानंतरच्या मंडईला ती सुट्टी घेऊन आली होती. अर्ध्या दाताला आता टोपी बसवली आहे, हसली तरी कळत नाही. सकाळी धावून आली आणि ओट्यावर बसली, बाबा बसायचे त्या जागी. मी चहा आणून दिला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग मी धीर करून म्हटलं, "नाडी पाहू का तुयी?"

ती हसली आणि तिनं मनगट पुढं केलं. "पाहा. बाबासारखं दोन बोटं ठेव, आंगठा नोको ठेवू."

मी मोजली. मिनिटाला चौपन्न. धावून येऊन दहा मिनिटं झाली नव्हती. इतक्या लवकर नाडी बाबांच्या कोणत्याही बैलाची उतरली नव्हती. मी खुशीत येऊन म्हणालो, "वा गं माझी वाघीण!" आणि तिच्या डोक्यावरच्या कोनाड्यातली साखरेची बरणी काढायला उजवा हात वर नेला.

माझ्या डाव्या हाताच्या बोटांखाली तिची नाडी उसळली. चेहरा जसाच्या तसा होता. ती मंडईच्या नाटकाबद्दल काहीतरी सांगत होती, ते वाक्यही तिनं मधे तोडलं नाही. कदाचित तिला स्वतःला कळलंही नसेल. फक्त माझ्या बोटांना कळलं.

मी वरचा हात हळूहळू खाली आणला, मांडीवर ठेवला आणि मोजत राहिलो. उतरायला फार वेळ लागला.